हनुवटी

संध्याकाळी दवाखान्यातून परतले, खालचं काचेचं दार ढकललं आणि पायाखालची फरशी दणकली. फार नाही, शेजारच्या खोलीत कोणी खाटेवरून उडी मारावी इतकीच. पण मी अंड्यांची पिशवी छातीशी धरून जागच्या जागी उभी राहिले. कारण आमच्या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये दणकण्यासारखी एकच वस्तू आहे, आणि ती मेलेली आहे असं घर घेताना आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं. घण. पूर्वी ही इमारत कारखाना होती, इथे लालभडक लोखंड ठोकून आगगाड्यांचे आस बनवायचे. कारखाना बंद पडला, वर्षानुवर्षं कबुतरांनी भोगला, मग कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि भिंती घासूनपुसून आत घरं काढली, भट्टीच्या जागी कॉफीचं दुकान आलं, आणि हा दोन पुरुष उंचीचा घण तेवढा हलवता येईना म्हणून असेल किंवा शोभेला म्हणून असेल, हॉलच्या मधोमध राहू दिला. काळा रंग, वरून पिवळे दिवे, बाजूला पितळी पाटी. पाटीवर वजन आहे, बनावट आहे, साल आहे. माणसाचं नाव नाही. घणाच्या बगलेला एक लोखंडी बैठक आहे, सायकलच्या सीटपेक्षा थोडी रुंद, आणि तिच्यासमोर एक लांब दांडा. त्या बैठकीवर लोक पार्सलं ठेवतात. माझ्या आईची सगळी नोकरी त्या बैठकीवर झाली.

घणापाशी माझा नवरा उभा होता, बाह्या वर सारून, लहान पोरासारखा फुललेला. शेजारी इमारतीचे सेक्रेटरी, आणि एक निळ्या डगल्यातला माणूस, ज्याच्या पायाशी हवा भरायचा पंप घरघरत होता. "बघितलंस?" नवरा ओरडला. "हवेवर चालतो! वाफ नको, भट्टी नको, काही नको!" त्याच्या खांद्यावरून मी त्या लटकलेल्या लोखंडी ठोकळ्याकडे बघत होते. इतके दिवस तो ऐरणीवर टेकून निजलेला असायचा, मुलं त्याला चॉकलेटची बोटं पुसायची. आता तो अधांतरी होता आणि किंचित डुलत होता. वर गेले तर आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसलेली. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "कोणी मारला तो? हलका पडला. आणि मन लावून नाही मारला."

आई दांडेवाली होती. हा शब्द आता कोणाला कळत नाही, सांगावा लागतो. घणखात्यात बोलणं नव्हतंच. भट्ट्यांचा घोंघाट आणि घणाचे दणके, त्यात माणसाच्या तोंडचा शब्द त्याच्याच दातांपाशी विरून जायचा. मिस्त्री सांडशीत तापलेला गोळा धरून ऐरणीसमोर उभा. दोन्ही हात गुंतलेले, ओरडून उपयोग नाही, मग उरली काय, तर हनुवटी. हनुवटी खाली गेली की घाव. जेवढी खाली तेवढा जोरात. डावीकडे कलली की हलका, थोपटल्यासारखा. वर उचलली की थांब. आणि ही हनुवटी वाचत बाजूच्या बैठकीवर एक बाई, हात दांड्यावर, नजर मिस्त्रीच्या तोंडावर. दांड्यावर बायकाच बसवायचे. साहेब लोक म्हणायचे, बायकांचं लक्ष एका जागी टिकतं. आई म्हणायची, "लक्ष कसलं डोंबलाचं, पुरुषाला दुसऱ्या पुरुषाचं मुकाट्याने ऐकणं जमत नाही म्हणून." क्षणभर नजर हलली तर मिस्त्रीचा हात जाणार, हे दोघांना माहीत. मिस्त्री बदलला की दांडेवालीही बदलायची, जोड्याच असायच्या. आईने एकाच मिस्त्रीबरोबर काम केलं, पहिल्या दिवसापासून भोंगा कायमचा बंद होईपर्यंत. हे लग्नापेक्षा जास्त झालं, असं माझे बाबा म्हणायचे. हसत म्हणायचे, पण म्हणायचे.

बाबा शिंपी. घरातच दुकान, पुढच्या खोलीत मशीन, आणि अंगावर सदा दोऱ्याचे तुकडे. ते घाबरट होते, प्रेमळ होते, आणि कपड्यांवर बोलायला लागले की थांबायचे नाहीत. एकदा आई किल्ली विसरली म्हणून ती द्यायला ते कारखान्यात गेले आणि नेमका तो काडेपेटीचा खेळ चालू होता. पाहुणे आले की साहेब हा खेळ करून दाखवायला लावायचे. काडेपेटी अर्धी उघडून ऐरणीवर उभी करायची, वरून घण यायचा आणि पेटीचा खण अलगद बंद करून थांबायचा. पेटी चेपता कामा नये. इथवर सगळेच घणवाले करायचे. आमचा मिस्त्री त्यावर आपला तोरा म्हणून पेटीचं बूड दोन बोटांत धरून ठेवायचा. हनुवटी खाली, घण खाली, खट्, आणि पाहुण्यांतली एखादी बाई किंचाळायची. बाबांनी दारातून हे बघितलं. म्हणजे त्यांनी घण बघितला नाही, बोटं बघितली नाहीत. त्यांनी आपल्या बायकोचे डोळे बघितले. किल्ली तशीच खिशात घेऊन ते घरी आले.

त्या संध्याकाळचं मला सगळं आठवतं. मी मशीनखाली बसून चिंध्या वेचत होते. आई आली, चपला काढल्या, डोक्याला पंचा गुंडाळला. घरी आली की तिचे डोळे जणू रजेवर जायचे. मी पडले काय, रडले काय, ती आवाजाने ओळखायची, बघायची नाही. बाबा जेवायला बसले. मग त्यांनी हनुवटीने मिठाच्या वाटीकडे खूण केली. आईचं लक्ष नव्हतं. परत केली. "अगं, माझ्या हनुवटीला काय काटे आहेत?" बाबा एकदम ओरडले. आई म्हणाली, "मीठ हवं तर मीठ म्हणा ना, तोंड आहे." एवढ्यावर थांबावं की नाही माणसाने? नाही. जेवण टाकून उठले, मशीनपाशी गेले, सुईखाली आपलं बोट ठेवलं आणि म्हणाले, "ये. चाकावर हात ठेव. मी मान हलवली की फिरव. सुई बोटाला लागली नाही पाहिजे. त्याच्यासाठी करतेस ना? माझ्यासाठी कर." मी मशीनच्या पायट्यावर होते, मला त्यांची बोटं दिसत होती आणि वर सुई. आईने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "खुळे आहात का?" आणि ताटं उचलून आत गेली. बाबा बराच वेळ तसेच बोट ठेवून उभे. पुढच्या महिन्यापासून त्यांनी दाढी वाढवली. कोणी विचारलं तर म्हणायचे, "बघणारंच कोणी नाही, तर झाकून ठेवलेली बरी." गिऱ्हाइकं हसायची. मरेपर्यंत त्यांनी ती काढली नाही.

आणि मला काय मिळालं वारशात? ही खोड. आई घरी जे बघत नव्हती ते सगळं बघायचं काम माझ्याकडे आलं. बाबांच्या भुवया, शाळेतल्या बाईंची छडी, मोठेपणी बॉसचे ओठ. मी दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. त्यांच्या तोंडावर पट्टी असते, तरी पट्टीच्या वर कपाळावर आठी कशी पडली यावरून मी चिमटा द्यायचा की आरसा हे ओळखते. डॉक्टर कौतुक करतात. घरी नवऱ्याचा जबडा जरा आवळला की मी भाजीत काय कमी पडलं ते शोधू लागते, आणि तो बिचारा नुसता दातात अडकलेलं काहीतरी काढत असतो. तो म्हणतो, "तू माझ्याकडे बघू नकोस ना अशी, मला गुन्हेगार असल्यासारखं वाटतं." आईला जे जमलं ते मला नाही जमलं, कामावरची नजर कामावर ठेवून यायची.

नवऱ्याने मग वर येऊन रीतसर सांगितलं. इमारतीत घरं झाली त्याला दहा वर्षं होतायत, रविवारी दुपारी कार्यक्रम, घण चालवून दाखवायचा, आणि चालवणार कोण, तर आई. "आणि अजून गंमत ऐक. मिस्त्री सापडले! गावाबाहेर मुलाकडे राहतात. फोनवर मी नाव काढलं मात्र, म्हातारा म्हणाला, येतो, काडेपेटी तयार ठेवा." मला भयंकर राग आला. "तू आईला विचारलंस?" "अगं, विचारायचं काय, त्यांना आनंदच होईल." "आणि चुकून हात सटकला तर? ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. कालच दूध उतू घालवलंन." "दूध तूही घालवतेस," तो म्हणाला. आता बोला. शिवाय बोटं कोणी ठेवणार नाही, काठीने पेटी धरायची असं समितीत ठरलंय, निळ्या डगल्यावाला शेजारी उभा राहणार, सगळी काळजी घेतलीय. काळजी घेतली म्हणणाऱ्या माणसांची मला फार भीती वाटते. मी आईकडे वळले. मला वाटलं ती म्हणेल, नको गं बाई, झालं ते झालं. आई मटाराची टरफलं गोळा करत होती. "मिस्त्री येतो म्हणाले?" एवढंच तिने विचारलं, जावयाला, माझ्याकडे न बघता. "हो, आई." "बरं."

त्या 'बरं'ने माझी झोप उडवली. बाबा गेल्यावर आम्ही तिला इथे आणलं तेव्हा मला वाटलं होतं, आपल्या जुन्या कारखान्यात राहायचं म्हणून ती हळवी होईल. कसलं काय. पहिल्या दिवशी घणाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "रंग फार झाला." त्यानंतर त्याच्या बाजूने जाते ती सरळ लिफ्टकडे. फक्त एकदा बैठकीवर कोणाचं पार्सल होतं ते तिने उचलून खाली ठेवलं, आणि हात पदराला पुसले. मिस्त्रीचं नाव तिने घरात कधी काढलं नाही. बाबांसमोर नाहीच, त्यांच्यामागेही नाही. मी शोधायचे. लहानपणी ती झोपली असताना मी तिच्या तोंडाकडे बघायचे, काही सापडतं का. लोक बोलायचेच की. एका बाईने दिवसभर एका पुरुषाचं तोंड बघायचं आणि घरी येऊन दमले म्हणायचं, लोक काय गप्प बसतात? मला खरं काय ते हवं होतं, एकदाच. तिचं त्याच्यावर मन होतं असं असेल तर तसं, आणि नसेल तर मग बाबांना तसं सांगून टाकायला हिचं काय जात होतं?

ते आठ दिवस मी आईवर डोळा ठेवून होते. कप टेबलावर ठेवताना ती कडेला ठेवते का. जिना उतरताना पाय चाचपते का. डोळे तर तिचे अजून बहिरी ससाण्याचे, चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खालच्या मोटारीचा नंबर वाचून दाखवते, त्याची चिंता नव्हती. चिंता मनगटाची होती. एका दुपारी मी लवकर घरी आले तर ती खिडकीशी खुर्ची घेऊन बसलेली, हातात लाटण्यासारखी छत्री आडवी, आणि समोरच्या भिंतीवर बाबांचा फोटो, दाढीवाला. ती फोटोकडे बघत छत्री खाली दाबत होती आणि वर घेत होती, हळू, मग जोरात, मग हळू. मी दारातच थांबले. फोटोच्या हनुवटीवर ती सराव करत होती की बाबांना काही सांगत होती, देव जाणे. मला बघून म्हणाली, "मनगट ठीक आहे. उद्या येताना ते दुखण्यावरचं मलम तेवढं आण." मी म्हणाले, "आई, नाही म्हण ना. मी सांगते त्याला." ती म्हणाली, "का? एवढं एक मला येतं. दुसरं काय येतं मला? तुझ्या बापाला सरळ बटण लावून दिलं नाही कधी." आणि हसली. मला अजिबात हसू आलं नाही. रात्रभर माझ्या डोळ्यांपुढे तो डुलणारा ठोकळा आणि त्याच्याखाली कोणाची तरी बोटं.

रविवारी हॉल माणसांनी भरला. खुर्च्या मांडलेल्या, कॉफीच्या दुकानाने केक ठेवलेला, मुलं घणाभोवती लावलेल्या दोरीखालून आतबाहेर करत होती आणि आया ओरडत होत्या. आईने ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं होतं आणि केस घट्ट बांधले होते, कामावर जाताना बांधायची तसे. सेक्रेटरींनी भाषण सुरू केलं तेव्हाच ती बैठकीवर जाऊन बसली, कोणी सांगायच्या आत. बसली मात्र, आणि तिची पाठ सरळ झाली. माझी आई मला अनोळखी वाटली. निळ्या डगल्यावाल्याने पंप सुरू केला, ठोकळा ऐरणीवरून उठला, वर गेला आणि थांबला. तिने दांडा दोनचार वेळा हलवून बघितला. ठोकळा तिच्या हाताबरोबर खालीवर झाला. सगळे आ वासून बघत होते. मी नाही म्हणणार नाही, माझाही ऊर भरून आला.

तेवढ्यात मिस्त्री आले. काठी नाही, चष्मा नाही, ताठ, स्वच्छ दाढी केलेले, पांढरा सदरा. मागे त्यांची सून. सेक्रेटरी पुढे धावले. "प्रवास ठीक झाला ना?" मिस्त्रींनी मान हलवली, होय. "पाणी आणू?" होय. पाणी आणलं. "नको," मिस्त्री म्हणाले, "आत्ताच प्यायलो." सेक्रेटरी गोंधळले. "मग कॉफी?" होय, होय. "कॉफी मी घेत नाही." मी लांबून बघत होते आणि मला वाटलं, म्हातारा विक्षिप्त दिसतोय. मग माझ्या लक्षात आलं. कोणी काही विचारत नव्हतं तरी त्यांची मान हलत होती. केकला होय, दिव्यांना होय, मुलांना होय. बारीक, सतत, हनुवटी खाली आणि वर, खाली आणि वर. मी त्यांच्या सुनेला गाठलं. ती हळू आवाजात म्हणाली, "दोन वर्षं झाली. कंप आहे मानेला. हात बघा, हात ठणठणीत, दाढी स्वतः करतात. पण मानेचं काढलेलं आवडत नाही हो त्यांना. त्यांना वाटतं कोणाच्या लक्षात येत नाही. आम्ही कोणी बोलत नाही." "अहो पण इथे त्यांच्या मानेवरच तर..." मी म्हणाले. तिला काय कळणार? तिने घणखातं बघितलं नव्हतं. तिला वाटत होतं सासऱ्यांचा सत्कार आहे.

मी दोरी ओलांडून आईकडे गेले. तिच्या कानाशी वाकले. "आई, मिस्त्रींची मान..." "दिसतंय मला," आई म्हणाली. तिची नजर त्यांच्यावरच होती. "मग ऊठ. मी सांगते बरं वाटत नाही म्हणून." "तू बाजूला हो." "आई!" "बाजूला हो म्हटलं ना. उजेड अडतोय." माझ्या लहानपणी ती या आवाजात कधी बोलली नव्हती. मी दोन पावलं मागे सरले. आणि मिस्त्री ऐरणीसमोर आले. सेक्रेटरींनी त्यांच्या हातात ती ठरलेली काठी दिली. मिस्त्रींनी काठीकडे बघितलं, मग आईकडे, आणि हसले. "अहो, काठी कशाला?" ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले. "दांड्यावर बाई आहेत ना." काठी त्यांनी खाली टाकून दिली, खिशातून आपली काडेपेटी काढली, अर्धी उघडली, ऐरणीवर उभी केली, आणि बूड दोन बोटांत धरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा नवरासुद्धा वाजवत होता, गाढव. "काका, बोटं काढा हं," सेक्रेटरी म्हणाले. मिस्त्रींची मान होय होय करत राहिली आणि बोटं तिथेच राहिली.

मला ओरडायचं होतं. पण ओरडले तर आईची नजर हलली असती. पंपाची घरघर तेवढी, आणि एक मूल केक मागत होतं. मी मिस्त्रींच्या हनुवटीकडे बघत होते. सगळा जन्म मी याचसाठी तयार झाले असल्यासारखी बघत होते. खाली, वर, खाली, वर. यातली खरी कोणती? त्यांनी खूण केली की नाही केली? एकदा ती जरा जास्त खाली गेल्यासारखी वाटली; ती खूण होती की कंपाचीच एक मोठी लाट? मला कळलं नाही. आईलाही कळणं शक्य नव्हतं, कोणालाच शक्य नव्हतं, आणि मिस्त्री डोळे न मिटता तिच्याकडे बघत होते, आपण खूण दिलीय आणि ती पोहोचलीय अशा पूर्ण भरवशाने. आईचा हात हलला. ठोकळा सुटला. हॉलमधल्या सगळ्यांनी एकदम श्वास आत ओढला. ठोकळा काडेपेटीच्या वर वीतभर येऊन थांबला, थरथरला, आणि परत वर गेला, पार वर, अडकण लागेपर्यंत. आईने खटका लावला, दांड्यावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

"काय झालं?" मिस्त्री म्हणाले. "मारा ना."

आई उठून उभी राहिली. "मिस्त्री, माफ करा," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, माझ्या आयुष्यात तिला इतकं मोठ्याने बोलताना मी ऐकलं नव्हतं. "मला आता नीट दिसत नाही. तुमचं तोंडच दिसेना. डोळे गेले माझे."

हॉलमधून एक मऊ आवाज आला, 'अरेरे' म्हणतात तसा. मिस्त्रींनी पेटी सोडली, सावकाश कंबर सरळ केली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग तो गेला आणि तिथे एक थोरपणा आला. "बाई, तुम्ही म्हाताऱ्या झालात की हो," ते म्हणाले आणि हसले. लोकही हसले. "झाले खरी," आई म्हणाली. "तुम्ही होतात तसेच आहात." "आहे बुवा," मिस्त्री म्हणाले, आणि मान होय होय करत राहिली. मग निळ्या डगल्यावाला बैठकीवर बसला, काठीने पेटी धरली, आणि त्याने ती अशी सपाट केली की काड्या भुरभुरल्या. मुलांना तेच जास्त आवडलं.

मला आईचा हात धरून तिला बाजूला न्यावं लागलं, कारण माणसं वाट करून देत होती, जपून बाई, पायरी आहे. नवरा कुजबुजला, "मला आधी का नाही सांगितलंस डोळ्यांचं? केवढं लाजिरवाणं झालं आईंना." मी आईला घेऊन लिफ्टकडे वळले. मला हवं होतं ते मिळालं होतं. इतकी वर्षं मी तिच्या तोंडावर शोधत होते आणि ते हे होतं. मला वाटलं होतं कळलं की मन शांत होईल. उलट मला इतका संताप आला की लिफ्टची कळ दाबताना माझं बोट दुखलं. बाबांशी ती कधी एक खोटं बोलली नाही. त्यांनी शिवलेल्या कोटाची बाही वाकडी असली तर वाकडी म्हणायची, गिऱ्हाइकासमोर. त्यांनी सुईखाली बोट ठेवलं तेव्हा तिला सुचलं ते 'खुळे आहात का'. तेव्हा म्हणाली असती, अहो, मला नाही जमणार, माझे डोळे दमलेत, तर काय बिघडलं असतं? बाबांची दाढी टळली असती. लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "बाबांना एकदा तरी असं..." आई आरशात माझ्याकडे बघत होती. "त्यांना दिसायचं गं खोटं," ती म्हणाली. "शिंप्याची नजर. मिस्त्रींना नाही दिसत."

मला हे पटलं नाही. अजून पटत नाही. पण त्या दिवसापासून आई खाली उतरली की माझ्या दंडाला धरून चालते. लिफ्टबाहेर पाऊल टाकायच्या आधी एक क्षण थांबते, पाय पुढे चाचपते, आणि कोणी 'कशा आहात' म्हटलं की आवाजाच्या जरा बाजूला बघून हसते. चौथ्या मजल्यावर गेली की परत मोटारींचे नंबर. मिस्त्रींची सून इथल्या कॉफीच्या दुकानवाल्याच्या ओळखीची निघाली, तेव्हा गोष्टी तिकडे पोहोचतात. मी एकदा म्हणाले, किती दिवस हे नाटक? ती म्हणाली, "ते आहेत तोवर."

परवा दारापाशी फळ्यावर समितीची सूचना लागली. आजूबाजूला माणसं होती, म्हणून आई म्हणाली, "वाच गं, काय लिहिलंय." मी मोठ्याने वाचायला लागले. कार्यक्रम उत्साहात पार पडला. घण यापुढे चालवला जाणार नाही, खाली टेकवून कायमचा अडकवण्यात येईल. दोरीच्या आत मुलांना सोडू नये. केक दिल्याबद्दल दुकानाचे आभार. इथे मी थांबले, पिशवी उचलली आणि निघाले. आई हलली नाही. डोळे फळा सोडून भलतीकडे, भिंतीवर, ओठ जेमतेम हलवून ती म्हणाली, "शेवटची ओळ राहिली."

मी पिशवी खाली ठेवली. "विशेष आभार," मी वाचलं, "ज्यांचा हात आजही तितकाच स्थिर आहे त्या आमच्या मिस्त्रींचे."

"परत वाच," आई म्हणाली.